शाहूपुरी ते उजळाईवाडी: विमानतळाचा बसमार्ग

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या कोल्हापुरातील शाहूपुरी पेठेला मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्थानक ही दोन्ही ठाणी पायी जाण्याइतकी निकट लाभली असताना, विमानतळ गाठावयाचे तर भाड्याच्या मोटारीवाचून गत्यंतर नाही, हा प्रवाशांत रूढ झालेला समज पुनर्विचारास पात्र आहे.

शहरापासून सुमारे ९ किलोमीटरांवरील उजळाईवाडीच्या या विमानतळाचा प्रारंभ संस्थानकाळात, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९३९ साली झाला. नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले.

कागलच्या दिशेने जाणारी एसटी अथवा केएमटी (महापालिकेची बस) पुणे-बंगळूर महामार्गाने उजळाईवाडीवरून जाते. मात्र जलद गाड्या तेथे थांबतीलच असे नाही. म्हणून पाटी पाहून समाधान न मानता, गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वी वाहकाला ‘उजळाईवाडीला थांबणार का?’ असे स्पष्ट विचारून घ्यावे. थांब्यावर उतरल्यावर विमानतळाचे प्रवेशद्वार किंचित आत असल्याने, सामान जड असल्यास उर्वरित अंतर रिक्षाने जावे.

विमान सुटण्यापूर्वी दोन तास पोहोचण्याच्या बेताने निघावे आणि बसची प्रतीक्षा, महामार्गावरील वर्दळ यांसाठी अर्धा-पाऊण तास अधिक हाताशी ठेवावा. पहाटे किंवा रात्री उशिरा मात्र रिक्षाच इष्ट.

हातात एखादीच बॅग असेल, तर पुढच्या खेपेस या सार्वजनिक वाहनाचा लाभ अवश्य घ्यावा. प्रवासी वाढले, तरच फेऱ्या वाढविण्याची आपली मागणी दप्तरी वजनदार ठरेल.