अस्थिचयापचयाचे रक्तदर्शक
अस्थिचयापचयाचे रक्तदर्शक म्हणजे हाडांची झीज व नवनिर्मिती होत असताना रक्तात मिसळणारी विकरे, प्रथिने आणि प्रथिनांचे तुकडे होत. त्यांच्या प्रमाणावरून सांगाड्यातील ही उलाढाल किती वेगाने चालू आहे, हे कळते. हाड किती शिल्लक आहे, हे मात्र कळत नाही.

प्रौढ वयातही ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड विरघळवतात व ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे रचतात. हाडातील प्रथिनांचा सुमारे ९० टक्के भाग पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचा असतो. हे कोलॅजेन तयार होताना त्याच्या टोकाचा कापला जाणारा भाग म्हणजे पी१एनपी, तर जुने कोलॅजेन तुटताना सुटणारा तुकडा म्हणजे सीटीएक्स.

सर्वांत जुना व स्वस्त दर्शक अल्कलाइन फॉस्फेटेज हा आहे. अस्थीभवन होत असलेल्या कूर्चेतील या विकराकडे रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले. मुडदूस, अस्थिमार्दव आणि पॅजेट रोग यांत तो वाढतो. परंतु यकृत व अपरा यांतूनही तो रक्तात येतो, आणि वाढत्या मुलांत तो स्वाभाविकपणेच जास्त असतो. याउलट बहुविध मज्जार्बुदात हाडे पोखरली जात असूनही ऑस्टिओब्लास्ट मंदावल्यामुळे तो बहुधा सामान्यच राहतो. सामान्य अहवालामुळे निर्धास्त होणे येथे घातक ठरू शकते.

अस्थिसुषिरतेचे निदान या दर्शकांवरून होत नाही. त्यासाठी डेक्सा तपासणीने अस्थिघनता मोजतात. दर्शकांचा खरा उपयोग उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी होतो. बिस्फॉस्फोनेट औषधांनी घनतेत पडलेला फरक दिसण्यास एक-दोन वर्षे लागतात, सीटीएक्स मात्र काही महिन्यांतच उतरतो. तो उतरला नाही, तर रुग्ण गोळ्या नियमित व उपाशीपोटी घेतो का, हे प्रथम विचारावे लागते. लक्षणे जाणवत नसल्याने या गोळ्या मध्येच सोडून देणारे रुग्ण थोडे नाहीत.

सीटीएक्सचे प्रमाण पहाटे अधिक असते व अन्नसेवनानंतर घटते. म्हणून रक्तनमुना सकाळी उपाशीपोटी, आणि पुढील प्रत्येक वेळी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्यावा. निरनिराळ्या पद्धतींनी आलेले आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. मूत्रपिंड निकामी होत असल्यास सीटीएक्स रक्तात साचतो, तर अस्थिभंगानंतर बहुतेक दर्शक कित्येक महिने चढे राहतात.