लहान विमाने आणि निर्मात्याचे दायित्व

सदोष वस्तूने इजा झाल्यास, थेट करार नसतानाही निर्माता उत्तरदायी ठरतो, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९१६ मध्ये एका मोटारीच्या खटल्यात मान्य केले. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अटही काढून टाकली. भरपाईच्या भयाने निर्माता दक्ष होईल, ही अपेक्षा. लहान विमानांबाबत मात्र ती सरळपणे फळास आली नाही. विमान दशकानुदशके उडते; त्यामुळे विकलेले प्रत्येक विमान निर्मात्याच्या माथी ऋणासारखे राहिले. विम्याचा भार नव्या विमानांच्या किमतीवर पडला, आणि १९८६ मध्ये सेस्ना कंपनीने एक-इंजिनी पिस्टन विमाने बांधणेच थांबविले. इतर आर्थिक कारणेही होतीच. तथापि वैमानिक जुनीच विमाने उडवीत राहिले. सुरक्षिततेस्तव आलेल्या तत्त्वाने सुधारलेल्या रचनेचीच वाट अडवावी, हा विपर्यासच होय.

१९९४ च्या संघीय कायद्याने, २० पेक्षा कमी आसनांच्या व नियमित प्रवासी वाहतुकीत नसलेल्या विमानांपुरती, १८ वर्षांची मर्यादा घातली. ती अपघातापासून नव्हे, पहिल्या खरेदीदाराच्या हाती विमान पडल्यापासून मोजतात. अशा मर्यादेला इंग्रजी कायदेभाषा ‘विश्रांती’ म्हणते; विश्रांती अर्थात निर्मात्याला, विमानाला नव्हे! नवा भाग बसविल्यास त्या भागापुरती मुदत पुन्हा सुरू होते. शासनापासून दोष जाणूनबुजून लपविणाऱ्यास मात्र संरक्षण नाही. सेस्नाने १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा आरंभिले. परंतु मुदतीनंतर मूळ रचनेतील दोषाने अपघात घडल्यास विमानातील मृतांच्या वारसांना निर्मात्याविरुद्ध सामान्यतः दाद मागता येत नाही. त्याच विमानाखाली सापडलेल्या वाटसरूच्या वारसांना मात्र ती मागता येते.