पांढऱ्या विमानावरचे फोड

लहान विमानाच्या पंखावर रंगाला फोड आला की मालक आधी रंगाच्या कंपनीला नावे ठेवतो. डब्यातला रंग मात्र बहुतेक वेळा निर्दोष असतो. चूक झालेली असते ती रंग लावण्याच्या आधी, कधी आठवडाभर, कधी वर्षभर. रंगाचा थर ती झाकतो आणि पुढे ऊन, ओल किंवा उंची यांपैकी कोणीतरी ती वर ढकलते.

अ‍ॅल्युमिनियमच्या विमानात हे निदान तुलनेने सोपे. रंग उचलला गेला असेल, तर खाली धातू खराब होतो आहे का, हे आधी पाहायचे. कंपोझिट विमानाची कातडी काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कापड आणि इपॉक्सी रेझिन यांची. ती गंजत नाही. मग फुगते काय? उत्तर बांधणीच्या रीतीत आहे.

तंतू आणि रेझिन यांच्या बांधणीचे पहिले विमान जर्मनीत उडाले. स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या गटाने केलेले ‘फिनिक्स’ हे ग्लायडर, साल १९५७. पण घरच्या गॅरेजात कंपोझिट विमान बांधण्याचे वेड लावले ते अमेरिकेच्या बर्ट रुटान यांनी. त्यांचे ‘व्हेरीइझी’ १९७५ मध्ये उडाले, त्यामागोमाग ‘लाँग-इझी’ आले. त्यांच्याच आराखड्याचे ‘व्हॉयेजर’ डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न उतरता, हवेत इंधन न घेता नऊ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून आले. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘हंसा’ याच जातीचे, पहिले उड्डाण १९९३. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर भावी वैमानिक ज्या डायमंड डीए-४० मध्ये शिकतात, तेही कंपोझिटच.

रुटान यांची पद्धत साच्याशिवायची. थर्माकोलच्या जातीचा, पण जास्त घट्ट फोम तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचे कापड अंथरायचे आणि त्यात इपॉक्सी मुरवायचे. आकार हुबेहूब मिळतो, पृष्ठभाग मात्र खरखरीत राहतो. मग त्यावर लांबी भरावी लागते. ही लांबी म्हणजे इपॉक्सीत कालवलेले काचेचे पोकळ, सूक्ष्म गोळे. बांधणारे तिला ‘मायक्रो’ म्हणतात. ती घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. त्यावर प्रायमर आणि शेवटी रंग. एकेक थर वेगळ्या दिवशी, वेगळ्या हवेत, हाताने चढवलेला. कारखान्यातले विमान साच्यातून गुळगुळीत निघते, त्यामुळे तिथे ही मजुरी कमी. पण थर आणि त्यांच्यामधल्या सीमा तिथेही असतातच. फोडाचा जन्म या सीमांवर होतो.

सर्वांत साधे कारण हवेचे. कापडाच्या विणीत रेझिन कमी पडले की टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. रंग भोकात शिरत नाही, त्याच्या तोंडावर पडदा धरतो. आत कोंडलेली हवा २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. दहा हजार फुटांवर उलटे घडते: आतला दाब बराचसा तसाच राहतो आणि बाहेरचा समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे पडद्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला आतून तीनशे ग्रॅमचा रेटा. तयार रंग तो सहन करतो. कच्चा, उन्हाने नरमलेला रंग करत नाही. प्रायमर पुरता वाळायच्या आत वरचा थर मारला, तर अडकलेले थिनरही वाफ होऊन हेच करते. असा फोड दुपारी टम्म दिसतो आणि संध्याकाळी बसल्यासारखा होतो. फोडला तर आत काहीच नसते.

फोडल्यावर थेंबभर पाणी निघाले, तर प्रकरण अधिक रंजक. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाइन नावाची रसायने असतात. दमट हवेत रेझिन घट्ट होत असताना त्यांतली काही वर येतात आणि हवेतली वाफ व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतात. पृष्ठभागावर एक मेणचट, तेलकट थर उमटतो. कारागीर त्याला ‘ब्लश’ म्हणतात. डोळ्यांना तो दिसेलच असे नाही, बोटाला लागतो. गंमत अशी की थिनरने तो नीट निघत नाही आणि सँडपेपरने घासला तर आणखी पसरतो, खाचांत दाबला जातो. निघतो तो कोमट पाण्याने. विमान बांधणाऱ्या माणसाला ‘आधी पाण्याने धू’ हे सांगणे फार बाळबोध वाटते आणि म्हणूनच ती पायरी गाळली जात असावी, असा माझा अंदाज आहे.

राहिलेला ब्लश पाण्यात विरघळणारा असतो, हीच मेख. रंगाचा थर पाणी अडवतो असे आपण धरून चालतो, पण तो वाफेला पूर्ण बंद कधीच नसतो. पाण्याचे रेणू सावकाश आत झिरपतात, ब्लशचा कण विरघळवतात आणि आत तीव्र द्रावण तयार होते. पाणी रंगातून आत येऊ शकते, विरघळलेले मोठे रेणू बाहेर पडू शकत नाहीत. लोणच्याच्या कैरीला मीठ लावले की ते फोडीतले पाणी ओढून घेते. इथे रंगाखालचा क्षार बाहेरच्या ओलीला तसाच ओढतो. ही ओढ किरकोळ नसते. लिटरला एक दशांश मोल एवढे पातळ द्रावणसुद्धा साध्या तापमानाला सुमारे अडीच वातावरणांचा परासरण दाब देते. मूळ कण ब्लशचाच हवा असे नाही. घामेजल्या हाताचा ठसाही पुरतो. फायबरग्लासच्या बोटींचे मालक हा रोग कित्येक दशके ओळखून आहेत. त्यांच्या पॉलिएस्टर रेझिनच्या फोडातून निघणारे पाणी आंबूस वासाचे, आम्लधर्मी असते. अमाइनचे असेल तर कल अल्कलीकडे. लिटमसचा तुकडा इथे खरोखरच उपयोगी पडतो.

विमान बोटीसारखे पाण्यात उभे नसते, हे खरे. पण उंचावरच्या थंडीत गारठलेले विमान दमट हवेत उतरले की त्याच्या अंगभर दव धरते. दारे बंद असलेल्या हँगरमध्ये कोकणच्या पावसाळ्यासारखी हवा असेल, तर ओल आठवडेच्या आठवडे हटत नाही.

दमट हवा रंगकामातही थेट लुडबुड करते. विमानाचा रंग बहुधा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन असतो. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला पाणी भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे रंग स्वतःच बुडबुडे काढतो. (हेच आयसोसायनेट फवाऱ्यातून श्वासात गेले तर दम्याचा विकार जडवू शकते. नाकाला रुमाल बांधून हा रंग मारणे हा शुद्ध वेडेपणा आहे.)

आता कंपोझिट विमानाचा रंग बहुधा पांढराच का, हे लक्षात येईल. साध्या तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान कडकपणा सोडू लागते, आणि शोषलेली ओल ही मर्यादा आणखी खाली आणते. कडक उन्हात काळा पृष्ठभाग ८० अंशांच्या पुढे सहज जातो. डायमंडच्या डीए-२० या दोन आसनी विमानात तर मुख्य स्पारपाशी (पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईपाशी), आसनांच्या पाठींमधल्या झडपेखाली तापमान दाखवणारी पट्टी असते. ५५ अंशांची खूण उमटली, तर विमान सावलीत गार होईपर्यंत उडवायचे नाही. पांढऱ्या विमानावरही नोंदणीची गडद अक्षरे आणि शोभेचे पट्टे असतात. पहिले फोड तिथे शोधावेत. तिथेच कधीकधी फोडाऐवजी कापडाची वीण रंगातून वर उमटलेली दिसते. आतले रेझिन पहिल्यांदाच एवढे तापून आणखी आक्रसले, असा त्याचा अर्थ.

इथवरचे सगळे फोड म्हणजे दिसण्याचा आणि खर्चाचा प्रश्न. भीती वेगळ्याच फोडाची असते. फुगलेला रंग नसून कातडीच फोमपासून सुटली असेल, तर पंखाची ताकद गेली. हे ओळखण्याची पहिली चाचणी नाण्याची. नाण्याने हलकेच ठोकत जायचे. सलग भागावर टणक, स्वच्छ आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. शंका उरली तर अल्ट्रासाउंड. कार्बनतंतूंच्या विमानात आणखी एक जागा तपासावी लागते: अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट किंवा पट्टी कार्बनला थेट टेकली आणि ओल मिळाली, तर अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजते आणि त्याची फुगीर पांढरी भुकटी रंग वर उचलते. म्हणूनच दोघांच्या मध्ये काचकापडाचा थर ठेवतात.

रंगाची कटकट फक्त हौशी लोकांच्याच वाट्याला येते असेही नाही. एअरबस ए-३५० च्या कार्बन कातडीवरचा रंग उखडून खालची, विजेपासून बचाव करणारी तांब्याची जाळी उघडी पडू लागली, तेव्हा कतार एअरवेजने डिसेंबर २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

दुरुस्तीत घाई नडते. धातूच्या विमानावर चालणारे मिथिलीन क्लोराइडचे पेंट रिमूव्हर इथे वर्ज्य, कारण ते इपॉक्सीलाही खाते. रंग हातानेच घासून काढायचा आणि कापडाचा पहिला धागा दिसायच्या आत थांबायचे. मग धुणे, सौम्य उष्णतेने ओल घालवणे, भोके इपॉक्सीने बुजवणे, आणि प्रायमरला त्याचा पूर्ण वेळ देणे. काम एलेरॉनवर किंवा एलेव्हेटरवर, म्हणजे पंखाच्या किंवा शेपटीच्या हलत्या पाळीवर झाले असेल, तर ती पाळी पुन्हा तोलावी लागते. बिजागरीच्या मागे रंगाचे थोडे जास्तीचे वजनही वेगात त्या भागाला फडफडायला लावू शकते, आणि ही फडफड काही सेकंदांत पंख मोडू शकते. म्हणून रंग वाळल्यावर तो भाग सुटा करून बिजागरीवर टांगतात, त्याचा झोक उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसतो का ते पाहतात, आणि बसला नाही तर रंग पुन्हा घासून काढतात.