सापविंचवांना तुडवण्याचा अधिकार



गेल्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातील डोंगराकडच्या एका आंध वस्तीवरून पहाटे फोन आला. तेरा-चौदा वर्षांची मुलगी उठल्यापासून पोट धरून कण्हत होती. पापण्या उघडत नव्हत्या, जीभ जड झाली होती. मी पोहोचलो तेव्हा तिचे आजोबा म्हणाले, "पास्टर, हिला बाहेरचं झालंय. तुम्ही हात ठेवा. तुमच्या देवानं तुम्हाला अधिकार दिलाय." शेजारच्या एका विधवेने करणी केली, अशी कुजबुजही सुरू झाली होती.

मलाही तसेच काही वाटले. मी हात ठेवला, येशूच्या नावाने आज्ञा केली, पुन्हा केली. अर्धा तास गेला. मग तिची आई बोलता बोलता म्हणाली की पोर रात्री जमिनीवर झोपली होती, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मण्यार रात्रीच, झोपेत चावते. दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. सकाळी पोटदुखी आणि मिटलेल्या पापण्या तेवढ्या दिसतात. जीपमध्ये घालून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. सर्पदंशाची लस दिली, श्वासासाठी यंत्र लावले. चौथ्या दिवशी ती बोलली. देवाची स्तुती असो. पण तो अर्धा तास माझ्या मनातून जात नाही.

नंतर मंडळीतल्या एका भावाने मला लूक 10:19 काढून दाखवले. साप व विंचू तुडवण्याचा अधिकार असताना दवाखाना कशाला? विश्वास कमी पडला का? प्रश्न प्रामाणिक होता. तुमच्यापैकीही काहींनी तो विचारला आहे, म्हणून हे लिहितो.

त्या वचनात मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. शत्रूच्या बळासाठी 'डुनामिस', आणि शिष्यांना दिले ते 'एक्सूसिया', म्हणजे दुसऱ्याने सोपवलेला हक्क. आपल्याकडच्या मुखत्यारपत्रासारखा. मुखत्यार सही करतो ती मालकाच्या वतीने, मालकाच्या कामासाठी. कागद हाती आला म्हणून तो मालक होत नाही. प्रभूने त्या सत्तर जणांना गावोगाव पाठवले होते, आजाऱ्यांना बरे करायला आणि देवाचे राज्य जवळ आले हे सांगायला. अधिकार त्या पाठवणीबरोबरचा आहे. भुते वश होतात म्हणून ते हर्षाने परतले, तेव्हा प्रभूने त्यांचा आनंद दुसरीकडे वळवला: तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत, त्याचा आनंद करा.

आणखी एक गोष्ट मला अलीकडेच लक्षात आली. मंदिराच्या शिरोभागी सैतानाने प्रभूला उडी टाकायला सांगितले तेव्हा 91 व्या स्तोत्राची 11 व 12 ही वचने वापरली. त्याच्या पुढचेच, 13 वे वचन सिंह व नाग तुडवण्याविषयी आहे. म्हणजे या अभिवचनाच्या अगदी दारापर्यंत येऊन सैतानाने त्याचा तमाशा करायला सुचवले, आणि प्रभूने देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. मिलिता बेटावर पौलाच्या हाताला साप डसला तो तो काटक्या गोळा करताना. त्याने साप शोधून धरला नव्हता. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेताला आजारी ठेवले, आणि वैद्य लूक त्याच्या सोबतीला असे.

औषधाकडे मी देवाचे दान म्हणूनच पाहतो. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडे लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचे एक औषध, प्राझोसिन, वापरून कितीतरी जीव वाचवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पास्टरलाही तो लागू आहे.

मग अधिकार कुठे चालवायचा? वस्तीवर सापापेक्षा भीतीचे विष जुने आहे. करणीची भीती, भगताची भीती, त्या विधवेची भीती. मुलगी बरी झाली, साप कळला, तरी तिच्या दारात कोणी जाईना. तेव्हा वस्तीवरच्या दोघी विश्वासणाऱ्या बाया तिच्याकडे गेल्या आणि तिच्या हातची भाकरी खाल्ली. घरच्यांनी सांगितले होते, रात्रीत मराल. त्या म्हणाल्या, आम्हाला ज्याने पाठवलं तो मोठा आहे. मला वाटते, लूक 10 मधला अधिकार मी तिथे पाहिला. त्या पहाटेच्या माझ्या आरडाओरड्यात नव्हे.

आजोबा अजून त्या बाईच्या उंबऱ्यावर गेलेले नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि त्या वस्तीवर बहुतेक घरांत लेकरे अजून जमिनीवरच झोपतात; येत्या पावसाळ्याआधी खाटा आणि मच्छरदाण्या पोहोचवायच्या आहेत.