पासबुक तिच्या नावाचं

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. त्याच्या महिनाभर आधी बचतगटांवर उभी असलेली स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना सुरू झाली होती. म्हणजे हा जिल्हा आणि इथले बचतगट जवळपास एकाच वयाचे. (तसा नाबार्डनं १९९२ सालीच देशभरात ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग हाती घेतला होता.) जिल्हा झाला तेव्हा इथं बँक म्हणजे हैदराबाद बँक, ग्रामीण बँक, नाहीतर परभणीची जिल्हा मध्यवर्ती. तिथली रांग पुरुषांची.

बाईची पहिली बँक म्हणजे गटाची पत्र्याची पेटी. दहा ते वीस जणी, महिन्याची ठरलेली बैठक, सतरंजीवर मोजलेल्या नोटा. त्यातून एकीला लेकराच्या दवाखान्याला, दुसरीला बियाण्याला. व्याज द्यायचं ते गटालाच, म्हणजे पेटीतच परत. सावकाराच्या दारात ताटकळणं त्यामुळं कितीतरी जणींचं सुटलं. मला ही या पंचवीस वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सहाएक महिने हिशेब नीट राहिला की बँक गटाला विनातारण कर्ज देऊ लागली. जमीन कुणाच्या नावावर, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) तेजस्विनी कार्यक्रमानं २००७ पासून गटांची बांधणी केली, पुढं उमेद अभियान आलं.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली, घरोघर पासबुकं झाली. बरीच कोरीच राहिली. २०२४ च्या ऑगस्टात लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये पडले, तेव्हा ती ट्रंकेच्या तळातून बाहेर निघाली. ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावायचा. खुरपं धरून, हळद वेचून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. बाई पदरानं बोट पुसते, पुन्हा ठेवते, तिसऱ्यांदा ठेवते. नाहीच जमलं तर उद्या या. तिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो.

जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीची लावण, खुरपणी, वेचणी बाईच्या हातची. मोंढ्यातली पट्टी मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावानं निघते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं थांबलेलं नाही. म्हणून गटाचं कर्ज वेळेवर फेडलेली बाई पीककर्ज मागायला गेली, की काउंटरवर तिच्याकडं पहिला कागद मागतात तो सातबारा.