श्रद्धेचा स्वाध्याय आणि आंतरजाल

एखाद्या धर्मांत जन्मास येणें निराळें आणि तो धर्म समजून घेणें निराळें. लहानपणीं पाठ झालेल्या प्रार्थना, सणावारांच्या रूढी आणि वडील माणसांचें अनुकरण यांवर पुष्कळांचें आयुष्य निभावून जातें. पण एखाद्या दिवशीं घरांत मृत्यु येतो, किंवा वयांत आलेला मुलगा अवघड प्रश्न विचारतो, आणि मग ध्यानांत येतें कीं, ज्या श्रद्धेवर आजवर घर उभें होतें तिचा पाया कोणीं कधीं नीट पाहिलेलाच नाहीं. अशा वेळीं कॅथलिक गृहस्थानें पाहावें तरी कोठें?

हा प्रश्न नवा नाहीं. तो मराठी भाषेंतच चारशें वर्षांपूर्वीं विचारला गेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभींच एक प्रसंग आहे. साष्टी प्रांतांत धर्मशिक्षण चालूं असतां नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विनवितो कीं, जुनीं पुराणें वाचूं नका असें आपण सांगितलें; मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? ही तक्रार वाजवी होती. ज्या घरांत रात्रीं दिव्यापाशीं ओवी वाचली जात होती, त्या घरांत आतां कांहींच वाचलें जात नव्हतें. ती उणीव भरून काढण्यासाठीं स्टीफन्सनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें मराठी काव्य रचलें, आणि तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें.

आजच्या कॅथलिक कुटुंबाची अडचण नेमकी उलट आहे. त्या ब्राह्मणापाशीं एकही ग्रंथ नव्हता. आजच्या गृहस्थापाशीं, खिशांतील दूरध्वनीमुळें, सारें ग्रंथालय आहे. परंतु त्या ग्रंथालयाच्या दारांत बाजारही भरला आहे. प्रवचनकार, टीकाकार, चमत्कारांच्या वार्ता सांगणारे आणि पोपच्या नांवावर वाटेल तें खपविणारे असे सर्व जण एकाच पडद्यावर, एकाच आवाजांत बोलत असतात. यांपैकीं ख्रिस्तसभेचा आवाज कोणता, हें ओळखणें हीच आतां खरी विद्या झाली आहे.

कॅथलिक परंपरेंत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. धर्मवचनाचा प्रमाणभूत अर्थ सांगण्याचें काम पोप आणि त्यांच्याशीं एकमतानें असणारे बिशप यांच्याकडे आहे, अशी त्या परंपरेची धारणा आहे. म्हणूनच धर्मविषयक पुस्तकाच्या पहिल्या पानांवर बिशपची ‘इम्प्रिमातुर’, म्हणजे ‘छापावें’ अशी अनुज्ञा आढळते. ती पाहिली कीं वाचक निश्चिंत होई. आंतरजालावरील लेखनास असा शिक्का बहुधा नसतो. तेव्हां पहिला नियम असा कीं, कोणी काय सांगितलें हें ऐकण्यापूर्वीं मूळ ठिकाणीं जाऊन पाहावें.

हें मूळ ठिकाण म्हणजे व्हॅटिकनचें संकेतस्थळ. तें १९९५ सालच्या नाताळांत सुरू झालें. पोपांचीं परिपत्रकें, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे सोळा दस्तऐवज आणि ‘कॅटेकिझम’ या नांवानें ओळखला जाणारा धर्मशिक्षण-ग्रंथ तेथें विनामूल्य वाचावयास मिळतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं मान्यता दिलेल्या या ग्रंथाचे चार भाग आहेत : काय मानावें, साक्रामेंत कोणते, कसें वागावें आणि प्रार्थना कशी करावी. यांत एकंदर २८६५ परिच्छेद असून प्रत्येकास क्रमांक आहे, आणि तो क्रमांक सर्व भाषांत एकच असतो. त्यामुळें कोणी एखादें मत ख्रिस्तसभेच्या नांवावर सांगूं लागला, तर त्यास क्रमांक विचारावा आणि तो काढून पाहावा. ज्यांस एवढा ग्रंथ जड वाटेल, त्यांच्यासाठीं २००५ सालीं निघालेला ५९८ प्रश्नोत्तरांचा संक्षेप सोयीचा आहे. घरांतील मुलांबरोबर बसून वाचण्यास प्रश्नोत्तरांची रीत फार उपयोगी पडते.

मूळ ठिकाणीं पाहण्याचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. या ग्रंथाचा २२६७ वा परिच्छेद देहदंडाविषयीं आहे. क्वचित् प्रसंगीं, समाजाच्या रक्षणाचा दुसरा मार्गच नसेल तर, देहदंड देण्यास प्रत्यवाय नाहीं, असा त्याचा पूर्वींचा आशय होता. २०१८ च्या ऑगस्टमध्यें पोप फ्रान्सिस यांच्या संमतीनें तो बदलला गेला. देहदंड मनुष्याच्या प्रतिष्ठेवर घाला घालतो, म्हणून तो ग्राह्य नाहीं, असें आतां तेथें म्हटलें आहे. ज्याच्या कपाटांत त्यापूर्वीं छापलेली प्रत आहे, तो ती प्रामाणिकपणें वाचूनही आज चुकीचें उत्तर देईल. छापील पान बदलत नाहीं. येथें आंतरजालाची उपयुक्तता वादातीत आहे.

शिकवण समजली म्हणजे श्रद्धा खोल झाली असें मात्र नव्हे. तिला रोजचें अन्न लागतें, आणि तें शास्त्रवचनांतून मिळतें. एके काळीं सामान्य कॅथलिकाच्या हातीं बायबल सहजासहजीं पडत नसे. १५६४ सालच्या नियमांप्रमाणें देशी भाषेंतील बायबल वाचण्यास परवानगी घ्यावी लागे. पुढें १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजांत सर्व भाविकांस शास्त्राचें वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला. चार शतकांत मारलेली ही केवढी मजल! मराठी वाचकांची सोय फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं केली. त्यांचें ‘सुबोध बायबल’ २०१० सालीं प्रसिद्ध झालें व त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार लाभला.

पण एवढा मोठा ग्रंथ वाचावा कोणत्या क्रमानें? पहिल्या पानापासून आरंभ करणारे बहुतेक वाचक लेवीय ग्रंथांतील यज्ञविधींपाशीं थकतात. त्यापेक्षां मिस्सेंतील नेमलेले पाठ रोज वाचावे. रविवारच्या पाठांचें चक्र तीन वर्षांचें आहे : एक वर्ष मत्तय, दुसरें मार्क, तिसरें लूक, आणि योहानाचें शुभवर्तमान विशेष काळांत व सणांस येतें. अमेरिकेंतील बिशपांच्या परिषदेच्या संकेतस्थळावर रोजचे पाठ इंग्रजींत मिळतात. ते वाचणारा गृहस्थ त्या दिवशीं जगांतील असंख्य देवळांत वाचला जाणारा भागच वाचीत असतो. ज्यांस ऐकणें अधिक रुचतें, त्यांच्यासाठीं फादर माइक श्मिट्झ यांनीं २०२१ सालीं आरंभिलेली, ३६५ दिवसांत सारें बायबल ऐकविणारी मालिका आहे.

वाचन झालें, तरी मनन राहतेंच. बाराव्या शतकांतील गिगो नांवाच्या कार्थुसियन मठाधिपतीनें शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान. श्रवण, मनन व निदिध्यासन ही परंपरा ज्यांस परिचित आहे, त्यांना हा क्रम परका वाटणार नाहीं. आयर्लंडच्या जेझुइटांनीं १९९९ सालीं ‘सेक्रेड स्पेस’ या नांवाचें संकेतस्थळ काढलें. तें वाचकास पडद्यासमोरच दहा मिनिटें शांत बसवून क्रमाक्रमानें एका वचनापर्यंत नेतें. ज्या यंत्रानें मन चंचल होतें, त्याच यंत्राकडून त्यास स्थिर करण्याचें काम करवून घेण्याचा हा प्रयत्न कौतुकास्पद आहे.

जिज्ञासूंसाठीं जुनें भांडारही खुलें आहे. ‘न्यू ॲडव्हेंट’ या खासगी संकेतस्थळावर संत ऑगस्टिन यांचें आत्मनिवेदन, संत थॉमस अक्विनास यांचा महाग्रंथ आणि १९०७ ते १९१२ या काळांत निघालेला कॅथलिक ज्ञानकोश वाचतां येतो. मात्र हा ज्ञानकोश दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अर्धशतकापूर्वींचा आहे. इतिहासासाठीं तो उत्तम; परंतु ख्रिस्तसभेचें आजचें मत त्यावरून ठरवूं नये. ख्रिस्तपुराणाचेंही असेंच झालें आहे. त्याच्या सतराव्या शतकांतील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं, परंतु जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें काढलेली आवृत्ति आतां आंतरजालावर घरबसल्या चाळतां येते.

इतकें सारें असूनही एक गोष्ट आंतरजालावर मिळत नाहीं, आणि कॅथलिक माणसासाठीं तीच मुख्य आहे. २००२ सालीं व्हॅटिकननें काढलेल्या ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ या पत्रकांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, आंतरजालावर साक्रामेंत नाहींत. २०२० सालीं महामारींत देवळें बंद पडलीं तेव्हां लक्षावधि कुटुंबांनीं मिस्सा पडद्यावर पाहिली. त्या काळांत तो मोठाच आधार होता. तरीही पोप फ्रान्सिस यांनीं त्याच वर्षीं एप्रिलमध्यें बजावलें कीं, ही अडचणीच्या काळची सोय आहे, ख्रिस्तसभेचें नेहमींचें रूप नव्हे. भाकर पडद्यावर पाहून पोट भरत नाहीं.

मिलानचा कार्लो आकुतिस हा मुलगा संगणकांत निपुण होता. त्यानें ख्रिस्तप्रसादासंबंधींच्या चमत्कारांची सूचि करून ती आंतरजालावर मांडली. २००६ सालीं, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षीं, तो वारला; ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं त्यास संत घोषित केलें. पण संगणकापाशीं बसणारा हा मुलगा मिस्सेस मात्र रोज पायीं देवळांत जात असे, हें विसरतां कामा नये.

तेव्हां गृहस्थानें नेम थोडाच करावा : रोज त्या दिवसाचा पाठ, त्यावर दहा मिनिटें शांतता आणि आठवड्यांतून एकदां धर्मशिक्षण-ग्रंथांतील एखादें प्रकरण. शंका आली तर ती कागदावर टिपून रविवारीं धर्मगुरूंपुढें ठेवावी. साष्टीच्या त्या ब्राह्मणानेंही प्रथम ग्रंथ उघडला नव्हता. समोरच्या माणसाला प्रश्न विचारला होता, आणि अकरा हजार ओव्या त्यानंतर आल्या.