धुरातून धुण्याचा सोडा

बासर हे आपणां मराठी कुटुंबांचे जुने क्षेत्र. नांदेड-धर्माबादकडील मंडळी वसंत पंचमीस मुलांचा अक्षरारंभ करावयास येथे येतात. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेले. पण गोदामाईच्या घाटावरील दृश्य तेच. स्नाने उरकतात, धोतरे-लुगडी पिळली जातात आणि शुभ्र वस्त्रे नेसून मंडळी सरस्वतीच्या दर्शनास निघतात. ही शुभ्रता कोठून येते, या साध्या प्रश्नापासून आजचा विषय सुरू होतो.

वस्त्रातील तेलकट मळ काढावयास क्षार हवा. आपल्या आज्या लाकडाची राख वापरीत. लाकूड जळाल्यावर जो क्षार मागे उरतो, त्यातील कर्ब हा झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. वऱ्हाडातील लोणारच्या सरोवरातूनही पूर्वी असा क्षार काढीत. काच व साबण यांस लागणारे पदार्थ तेथे मिळतात, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पुढे १८६० च्या दशकात बेल्जियमचे अर्नेस्ट सॉल्वे यांनी मिठाच्या पाण्यापासून सोडा करण्याची रीत बसविली आणि धुण्याचा सोडा कारखान्यातून घरोघर आला.

ही रीत समजण्यास कठीण नाही. मिठाच्या संपृक्त पाण्यात अमोनिया मिसळून त्यातून कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण शाळेत ज्यास कर्बवायू म्हणत असू तो, सोडला की खाण्याचा सोडा तळाशी बसतो. तो भाजला की धुण्याचा सोडा होतो. सॉल्वेंच्या रीतीत हा वायू मिळविण्यासाठी कोक घालून भट्टीत चुनखडी भाजतात. म्हणजे एकीकडे कोळसा जाळून वायू मुद्दाम निर्माण करावयाचा आणि दुसरीकडे त्याच कारखान्याच्या बाष्पकाच्या धुराड्यातून तोच वायू आकाशात सोडून द्यावयाचा! धुराड्यातलाच वायू धरून सोड्यात का घालू नये?

हे काम तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे २०१६ मध्ये प्रत्यक्षात आले. तेथील ‘तुतिकोरिन अल्कली केमिकल्स अँड फर्टिलायझर्स’ हा कारखाना सोड्याबरोबर अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर, खत म्हणून तयार करतो. या पद्धतीत चुन्याची भट्टी नसते, म्हणून वायू अन्यत्र मिळवावा लागतो. ‘कार्बन क्लीन’ या संस्थेने ती सोय केली. २००९ मध्ये ती स्थापणारे अनिरुद्ध शर्मा व प्रतीक बुंब हे खरगपूरच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. कोळशावर चालणाऱ्या बाष्पकाचा धूर एका द्रावणातून नेला की द्रावण कर्बवायू तेवढा धरून ठेवते. मग ते तापविले की शुद्ध वायू सुटतो आणि द्रावण पुन्हा कामास येते. वर्षाला ६०,००० टन वायू धरण्याची ही योजना होती, आणि ती सरकारी अनुदानावाचून उभी राहिली, हे तिचे वैशिष्ट्य. २०२० मध्ये युनिलिव्हर कंपनीने आपल्या धुलाई-पदार्थांतून खनिज तेल-कोळशाचा कर्ब हटविण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हा तुतिकोरिनच्या या सोड्याचा मुद्दाम उल्लेख केला होता.

आता हिशेब पाहू. एक किलो निर्जल धुण्याच्या सोड्यात सुमारे ४१५ ग्रॅम कर्बवायू बांधलेला असतो. ऐकावयास हे मोठे वाटते. परंतु बासरहून गोदावरी खाली वाहत जाते, तेव्हा तिच्या काठी रामगुंडमचे औष्णिक वीजकेंद्र लागते. त्याच्या जुन्या २,६०० मेगावॅटच्या संचांनी पूर्ण क्षमतेने एक दिवस काम केले, तर ६ कोटी २४ लाख युनिट वीज होते. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कर्बवायू धरला, तर तो सुमारे ६०,००० टन होतो. तुतिकोरिनच्या संयंत्राचे वर्षभराचे काम आणि रामगुंडमचा एका दिवसाचा धूर, असे हे प्रमाण आहे! सगळ्या जगाने कपडे कितीही धुतले, तरी सगळा धूर सोड्यात मावणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोड्यातला कर्ब कायमचा कोंडला जात नाही. ढोकळा फुगतो तो खाण्याच्या सोड्यातून सुटलेल्या याच वायूने. धुण्याच्या सोड्याचीही आंबट पदार्थाशी गाठ पडली की तो फसफसून वायू सोडतो. शिवाय द्रावण तापवावयास उष्णता लागते, आणि ती कोळशाचीच असेल तर लाभातून तेवढी वजावट करावी लागते. खरा लाभ आहे तो असा, की वायूसाठी वेगळे इंधन वा चुनखडी जाळावी लागत नाही. एकाच कोळशाचे दुहेरी काम होते.

मग हा उद्योग व्यर्थ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. धूर धरता येतो, तो विकाऊ मालात घालता येतो आणि कारखानदारास त्यात तोटा होत नाही, एवढे सिद्ध होणेही थोडे नव्हे. मात्र ‘धुराचा सोडा’ अशी चिठ्ठी पुडक्यावर दिसली म्हणून गृहिणींनी चमचाभर अधिक घालू नये. सोडा मापानेच घ्यावा. कपडे गार पाण्यात भिजवून, उन्हात वाळवावे. इंधनाची बचत त्यातच अधिक आहे. आणि क्षेत्री गेल्यावर साबण-सोड्याचे धुणे घाटावर न करता मुक्कामी करावे. धुराचे ओझे कारखानदारांनी उचलावयाचे आहे. नदीचे ओझे हलके करणे मात्र आपल्या हाती आहे.